सहादूचं रक्त

गंगापूर रोड, नाशिक
९ फेब्रुवारी २००१

ती. धनादादा,

संध्याचा वाकून नमस्कार. आधी लग्नाचं लिहिते, म्हणजे उज्वलावहिनींचा जीव शांत होईल. सहा मेला हॉल मिळाला. शेखरने ओझरच्या कारखान्यात रजेचा अर्जही देऊन टाकला, इतकी घाई नवरदेवाला. त्याची आई, म्हणजे माझ्या जाऊबाई वत्सलाबाई, सध्या खुशीत आहेत. आता तुमच्या तृप्तीने मला आत्या म्हणायचं की चुलतसासू, ते तिचं तिने ठरवावं. छळ दोन्हीकडून होणार आहे.

आता माझं काम. तुम्हाला ठाऊक आहे, मी लॅबमध्ये रक्त तपासते. आमच्याकडे गावोगावच्या डॉक्टरांकडून रक्ताच्या नळ्या येतात, थर्मासमध्ये बर्फ घालून, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. कळवणहून परवा एक नळी आली. नाव सहादू, वय बावन्न, पत्ता नुसता 'कळवण'. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलंय, ताप येतो-जातो, थकवा, पानथरी, म्हणजे प्लीहा, चार बोटं वाढलेली, मलेरियाच्या गोळ्यांनी फरक नाही. हिमोग्लोबिन आठच्या खाली, पांढऱ्या पेशी एकवीसशे, प्लेटलेट अठ्ठावन्न हजार. सगळंच कमी.

मशीनने रिपोर्ट काढला की मोनोसाइट नावाच्या पेशी बावीस टक्के आहेत. मला पटेना. मशीन आकारावरून मोजतं, चेहरा बघत नाही. मी स्लाइड घेऊन मायक्रोस्कोपला बसले तर मोनोसाइट औषधालाही नाही. भलत्याच पेशी होत्या. कांद्याचं रोप उपटल्यावर बुडाला बारीक मुळ्या दिसतात ना, तशा कडेने मुळ्या फुटलेल्या. चौदा वर्षांत मी हे फक्त पुस्तकात पाहिलंय.

पण रक्त पाच तास थर्मासमध्ये होतं. शिळ्या रक्तातही पेशींच्या कडा फाटतात. म्हणून ताजं रक्त हवं. तुमचे डॉक्टर म्हणतात, पेशंट रिपोर्ट घ्यायला आलाच नाही. तुम्ही हायस्कूलचे मास्तर, अर्धं कळवण तुमच्या हाताखालून गेलंय. हा सहादू कोण ते शोधा आणि माझ्याकडे पाठवा. गावात बोभाटा नको.

तुमची
संध्या

*

कळवण
१५ फेब्रुवारी

चि. संध्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. वहिनीने दोनदा वाचून घेतलं, पहिला परिच्छेद तेवढा. पुढचा मी वाचून दाखवला नाही, उगाच तिच्या डोक्याला ताप.

सहादू म्हणशील तर कळवणात सहादू किती आहेत हे तालुक्याच्या मामलेदारालाही सांगता येणार नाही. आमच्या शेतात कामाला आहे तो एक, बाजारपेठेत हमाली करतो तो एक, मागच्या साली वारला तो एक. कुठला शोधू? शिवाय जो माणूस स्वतःचा रिपोर्ट न्यायला आला नाही त्याला तो नको असेल. तू कशाला त्याच्या मागे लागतेस? लॅबवाल्या बाईंनी नळी तपासावी, कागद द्यावा, घरी जावं.

आता सहज विचारतो, मास्तर माणूस आहे, माहिती असलेली बरी. या तुझ्या मुळ्या फुटलेल्या पेशी म्हणजे नक्की काय? असा माणूस साधारण किती दिवस काढतो? पोराबाळांत उतरतं का हे?

दुसरं, आणि महत्त्वाचं. लग्न सहा मेला नको, अठरा मार्चला घेऊ. रविवारच आहे. मोठा हॉल नको, जेवणावळी नकोत, आमच्या दारात मांडव घालू. उन्हाळ्यात पाहुण्यांचे हाल होतात. वत्सलाबाईंना तू समजावून सांग. तुझा शब्द त्या मोडत नाहीत.

तुझा
धनादादा

*

नाशिक
२० फेब्रुवारी

ती. दादा,

तुमचं पत्र वाचून मी चक्रावलेच. अठरा मार्च? दहावीच्या परीक्षा ऐन भरात असतील. वीस वर्षांत त्या दिवसांत तुम्ही सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला गेला नाहीत आणि आता पोटच्या पोरीचं लग्न त्याच आठवड्यात लावता? उन्हाळ्याचं कारण कुणाला सांगता? जानेवारीत साखरपुड्याला तुम्हीच म्हणालात, मे महिन्यात सगळ्यांना सुट्ट्या असतात.

मी जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलीकडच्यांना एवढी घाई कशाची असते, ते मला माहीत आहे." त्यांचा रोख मला चांगला ओळखता येतो, दादा. काय ते मला खरं सांगा.

तुमच्या सहज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. त्या पेशी खऱ्या निघाल्या तर हा रक्ताचा कर्करोग आहे. 'हेअरी सेल' म्हणतात, केसाळ पेशींचा. शंभर रक्ताच्या कर्करोगांत एखाद-दुसरा असतो. बहुतेक पन्नाशीच्या पुरुषांना होतो. हळू चालतो, म्हणून लोक थकवा थकवा म्हणत वर्ष काढतात. पानथरी वाढते, दोन घास खाल्ले की पोट भरतं. सगळ्या पेशी कमी होतात आणि मोनोसाइट तर दिसेनासेच होतात, तोच मला खटकलेला मुद्दा. कमरेच्या हाडातून मज्जा काढायला सुई घातली तर बऱ्याचदा काहीच येत नाही, सुई कोरडी निघते. मग हाडाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो.

पण ऐका. कर्करोग म्हटलं की लोक हातपाय गाळतात, इथे तसं करायचं कारण नाही. सात दिवस सलग सलाईनमधून एक औषध देतात. मुंबईहून मागवावं लागतं. पुष्कळ जण त्या एका खेपेत उठून कामाला लागतात आणि वर्षानुवर्षं जगतात. मुलाबाळांत सहसा उतरत नाही. औषध न घेता घरात बसला तर मात्र साधा न्यूमोनियाही त्याला नेईल, कारण त्याच्या अंगात लढायला पेशीच नाहीत. हे त्याला आजच्या आज कळायला हवं. तुम्ही 'कुठला शोधू' म्हणता याचा मला राग आला. नाव कर्करोग ऐकून घाबरला असेल बिचारा.

संध्या

*

कळवण
२६ फेब्रुवारी

चि. संध्या,

हे पत्र आणणारा सहादू तोच. आमच्या शेतावरचाच निघाला. सकाळच्या एसटीने पाठवतो आहे. पाहिजे तेवढं ताजं रक्त काढ आणि एकदाची तुझी शंका फेड. मग हा विषय माझ्याकडे काढू नकोस.

तारीख अठराच. वत्सलाबाई काय म्हणतात त्याच्याशी मला कर्तव्य नाही, मुलगी मी देतोय. घाईचं कारण घाई. प्रत्येक गोष्टीला कारण मागायची सवय तुझी लहानपणापासूनची आहे, तुझी आई, माझी मावशी, थकली होती त्यापायी.

धनादादा

*

नाशिक
२७ फेब्रुवारी

ती. दादा,

तुमच्या सहादूचं हिमोग्लोबिन चौदा आहे. प्लेटलेट अडीच लाख. पोट दाबून पाहिलं डॉक्टरांनी, पानथरी हाताला लागत नाही. तो खुर्चीवर बसून मला म्हणाला, "मास्तर म्हनले रक्त देऊन ये, म्हून आलो ताई. मला काय बी झालेलं नाय." वर कँटीनमध्ये चार वडे खाल्ले.

आणि हे वाचा. पहिल्या नळीचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह होता, रक्त चढवावं लागेल म्हणून डॉक्टरांनी मागवला होता. तुमच्या सहादूचा बी पॉझिटिव्ह आहे. माणसाचा गट तीन आठवड्यांत बदलत नाही. आमच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, संध्या, नळ्यांची अदलाबदल केलीस का. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी तिन्ही रजिस्टरं काढून दाखवली तेव्हा कुठे त्यांनी विषय सोडला, पण संशयाची नजर गेली नाही अजून.

तुम्ही मला खोटा माणूस पाठवलात. गणिताच्या मास्तरांनी. कोणाला लपवताय? आणि का?

आता दुसरी गोष्ट. जाऊबाईंनी काल दार लावून मला बसवलं. म्हणाल्या, लग्न अलीकडे ओढतात, मांडव दारात, माणसं नकोत, बाप काही सांगत नाही, याचा अर्थ एकच. म्हणाल्या, मुलीला एखाद्या निमित्ताने नाशिकला आण, तुझ्याच लॅबमध्ये लघवी तपास, कोणाला कळायचं नाही. शेखर तिथेच होता.

दादा, खोटं कशाला सांगू, तुमचं वागणं पाहून माझ्याही मनात पाल चुकचुकली. म्हणून विचारते. तृप्तीचं काही आहे का? असेल तर मला सांगा, मी वाट काढीन. नसेल तर तिला एक दिवस पाठवा, मी तपासून जाऊबाईंचं तोंड बंद करते.

हे पत्र वहिनींच्या हाती पडू देऊ नका.

संध्या

*

कळवण
३ मार्च

संध्या,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं हे बरं झालं. शिक्षकांच्या खोलीत वाचलं. बेल झाली तरी तेच पुन्हा वाचत बसलो. पोरं वर्गात गोंधळ घालत होती, घालू दिला.

तृप्ती डी.एड.च्या परीक्षेला बसली आहे. सकाळी पाचला उठते, वाचते, माझा डबा करते. तिच्याविषयी असा प्रश्न तू मला विचारलास. दुसऱ्या कोणी विचारला असता तर त्याच्या थोबाडीत दिली असती. तुला काय देऊ?

तुला कारण हवं होतं ना. सहादू म्हणजे मी.

दिवाळीपासून चाललंय. जिना चढलं की धाप लागते. अर्धी भाकरी खाल्ली की डाव्या बाजूला दगड ठेवल्यासारखं होतं. दात घासताना रक्त येतं. डॉक्टर गावात नवे, मला ओळखत नाहीत; म्हणाले, रक्त नाशिकला पाठवू. कंपाउंडरने नाव विचारलं तेव्हा रांगेत आमच्या भावकीतली दोन माणसं बसली होती. माझ्या तोंडून सहादूचं नाव गेलं, शेतातून परस्पर आलो होतो, तोच डोक्यात होता. नाशिकला म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. नाशकात काय एकच लॅब आहे? आठ दिवसांनी तुझं पत्र आलं आणि माझ्याच रक्ताचं वर्णन तू मला कांद्याच्या रोपासकट लिहून पाठवलंस.

मी ठरवलं होतं की पोरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. कर्करोगी बापाची मुलगी कोण करतं? तू म्हणशील उतरत नाही. तुझ्या जाऊबाईंना ते तू पटवून देणार होतीस का? आणि मधेच मी गेलो तर सुतकाच्या वर्षात लग्न उरकून घ्या, नाहीतर तीन वर्षं थांबा. कोण थांबतं? तिच्या आईने एकटीने कुठे फिरायचं स्थळं बघत? तू मागच्या पत्रात सात दिवसांच्या औषधाचं लिहिलंस, ते मी चार वेळा वाचलं. वाटलं, अठरा मार्च होऊ दे, एकोणीसला स्वतःहून येतो. पंधरवड्याने काय बिघडतंय.

माझ्या अब्रूसाठी हे केलं असतं तर अजून गप्प बसलो असतो. पण मी गप्प बसल्याने पोरीच्या अंगावर हे आलं. तेव्हा लिहून देतो. आज वत्सलाबाईंना हे पत्र दाखव. लग्न मोडायचं असेल तर माझ्या रोगावरून मोडा. तृप्तीची लघवी कोणी तपासणार नाही.

घरात अजून कोणाला माहीत नाही. मला भीती वाटते, संध्या. तापाने अंग फणफणलं आहे परवापासून.

धनराज

*

नाशिक
५ मार्च

दादा,

हे पत्र नळ्या आणणाऱ्या कंडक्टरच्या हातीच परत पाठवतेय, पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. ताप आहे म्हणता आणि पत्रं लिहीत बसता? उद्या सकाळी जीप करून या, एसटीने नको, गर्दीत कोणी खोकलं तरी तुम्हाला महागात पडेल. वहिनींना आज रात्री जेवायच्या आधी सांगा, जेवण झाल्यावर नको, तुम्ही टाळाल. रक्ताच्या डॉक्टरांशी मी बोलले, खाट राखून ठेवली आहे. ताजं रक्त मी स्वतः काढणार. एक खास तपासणी आहे, तिच्यात एक द्रव घातला की बाकीच्या पेशींना रंग चढत नाही, या केसाळ पेशी तरीही लाल होतात. तेवढी केली की शंका राहणार नाही.

जाऊबाईंना पत्र दाखवलं. त्या रडल्या. मी नाही रडले, मला तोंडच राहिलं नाही. ते मी तुमच्यासमोर आल्यावर बोलेन.

संध्या

*

नाशिक
१४ मे

ती. दादा,

रिपोर्ट सोबत जोडला आहे, पण तुम्ही आकडे बघून स्वतःच गणित मांडायला बसाल म्हणून आधी मी सांगते. हिमोग्लोबिन साडेअकरा. पांढऱ्या पेशी बेचाळीसशे. प्लेटलेट एक लाख साठ हजार. स्लाइडवर मी तासभर बसले, मुळ्या फुटलेली पेशी एकही नाही. आणि तीन मोनोसाइट दिसले, दादा. मी मॅडमना हाका मारून बोलावलं. त्या म्हणाल्या, "संध्या, इतकं कौतुक लेकराचंही करत नाहीत कोणी."

मार्चमध्ये सुई दोनदा कोरडी निघाली तेव्हा वहिनी दाराबाहेर मला म्हणाल्या होत्या, "अंगातलं सगळं संपलं का हो यांच्या?" सलाईन संपल्यावर नवव्या दिवशी ताप चढला तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. त्या रात्रींचं आता आठवायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या. तोवर शेतात फवारणी चालू असेल तिकडे फिरकू नका, आणि खोकणाऱ्या पोरांना वर्गात मागे बसवा.

आता जाऊबाईंचा निरोप. लग्नाला त्यांची ना नाही. रक्ताच्या डॉक्टरांना स्वतः भेटून आल्या, उतरत नाही ना म्हणून तीनदा विचारलं, मग समाधान झालं. दहा जूनला हॉल मोकळा आहे. शेखरही तयार आहे. कळवा.

तुम्ही मला माफ केलंत का, हे दवाखान्यात विचारायचं राहिलं. वीस दिवस पायाशी बसून होते तरी राहिलं.

संध्या

*

कळवण
२४ मे

प्रिय आत्या,

बाबांनी तुला होकार लिहून पाकीट माझ्याकडे पोस्टात टाकायला दिलं. ते मी टाकलं नाही, त्याऐवजी हे लिहितेय.

गेल्या आठवड्यात बाबांच्या दवाखान्याचे कागद फाइलला लावत होते. त्यांत तुझं सत्तावीस फेब्रुवारीचं पत्र सापडलं. बाबांनी ते घडी करून एक्स-रेच्या पाकिटात ठेवलं होतं. फाडून टाकायला हवं होतं, पण त्यांना तुझं पत्र फाडवत नाही.

मी आधी शेखरना फोन केला, बाजारपेठेतल्या बूथवरून. विचारलं, तुमच्यासमोर हे बोलणं झालं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? ते म्हणाले, "मी काय म्हणणार, आई बोलत होती." मी विचारलं, तुम्हाला खरं वाटलं का? ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आता आईचं समाधान झालंय ना, मग कशाला तो विषय?" चांगले आहेत ते. पण मला त्या घरात जन्म काढायचा होता, आत्या, आणि उद्या पुन्हा कोणाला काही वाटलं तर ते पुन्हा जरा वेळ गप्प राहतील.

तुझं मला जास्त लागलं. मी दहावीत होते तेव्हा पोट दुखायचं म्हणून तुझ्याकडे महिनाभर राहिले होते. तू माझी वेणी घालायचीस. तू मला दोन ओळी लिहून विचारलं असतंस तरी मी सांगितलं असतं, रागावलेही नसते. तू बाबांना विचारलंस, आणि मला तपासायला पाठवा म्हणालीस.

तुझ्यामुळे माझे बाबा जिवंत आहेत. त्या स्लाइडकडे तू दुसऱ्यांदा बघितलं नसतंस तर मशीनचा कागद खरा मानून सगळे मलेरियाच्याच गोळ्या देत राहिले असते. हे मी रोज मनात म्हणते, आणि खोटं म्हणत नाही. ऑगस्टमध्ये त्यांना रक्त तपासायला मीच घेऊन येईन, तुझ्याकडेच उतरेन, तुझ्या हातचं जेवेन. पण लग्न मी करणार नाही.

आईला मी सांगितलं आहे. बाबांना खरं कारण कळू द्यायचं नाही. मी पत्र वाचलं हे त्यांना कळलं तर ते स्वतःलाच दोष देत बसतील की आपण लपवलं म्हणून पोरीवर ही वेळ आली. डॉक्टर म्हणालेत, अजून वर्षभर त्यांना जपायचं. मी त्यांना सांगणार आहे की मला आश्रमशाळेत नोकरी लागतेय, सुरगाण्याकडे, म्हणून लग्न इतक्यात नको. ते तुला विचारतील, खरं आहे का. तू हो म्हण. नोकरी अजून लागलेली नाही.

तुझी
तृप्ती